बाथरूमच्या टाइल्सचे सांधे ठिगळासारखे दिसायलेत, ऍसिडनं घासू का?

औसारोड (लातूर), १४ मे

नमस्कार. घराचं काम मार्चअखेरीस संपत आलं आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या बाथरूमचे सांधे भरले. भिंतीला पाच फुटांपर्यंत १२ बाय १८ ची सिरॅमिक टाइल आहे, खाली १२ बाय १२ ची खडबडीत. सांधा ३ मिलिमीटरचा, पिशवीतलं राखाडी ग्राउट (सांधे भरायची सिमेंटची पावडर). वास्तुशांतीला पाहुणे आले तेव्हा सगळं एकसारखं होतं. पाच आठवडे झाले आणि आता बघवत नाही.

भिंतीवर एकच सांधा एका टाइलपाशी गडद आणि पुढच्या टाइलपाशी फिकट दिसतो, ढग उतरल्यासारखा. नळाखालच्या जमिनीवर मिठासारखं पांढरं फुटतं. ओल्या फडक्यानं पुसलं की जातं, वाळलं की परत येतं. आणि नहाणीच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, भोवती हातभर जागेत सांधे कायम ओलसर, काळपट.

मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ऍसिड मारा, निघतं सगळं." दाराजवळच्या कोपऱ्यात वीतभर मारून पाहिलं. फेस आला, पांढरं गेलं, पण तो सांधा आता खरखरीत आणि बाकीच्यांपेक्षा फिकट झालाय. बोटाला वाळूचे कण लागतात. घाबरून थांबले.

घर एकदाच होतं. कर्जाचे हप्ते चालू आहेत, फोडाफोड परवडणार नाही. काय करू? वरचं बाथरूम अजून भरायचं आहे, तिथं तरी हे होऊ नये.

बालाघाट (बीड), १४ मे

ताई, ऍसिडची बाटली आधी घराबाहेर ठेवा. मी दोन वर्षांत तीन वेळा मारलं. दर वेळी आठ दिवस छान दिसायचं, मग आधीपेक्षा जास्त मळायचं. सांधे इतके खाली गेले की नख बसायचं. तिथून पाणी आत शिरलं आणि आज चार टाइल्स टकटक केल्या की पोकळ वाजतात. दाराच्या उंबऱ्याला शहाबादी पट्टी होती, तिची झिलई गेली. जाळीला बारीक भोकं पडली ती वेगळीच.

सांधे भरताना पाणी कुठलं वापरलं होतं? बोअरचं का?

सिमेंटवाळू (छत्रपती संभाजीनगर), १५ मे

मी बांधकामावर इंजिनिअर आहे. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात, त्यांवर एकच औषध चालणार नाही. खर्च करण्याआधी तीन गोष्टी तपासा, घरच्या घरी होतात.

पहिली, भिंतीसाठी. सांधे कोरडे असताना फोटो काढा. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं सगळी भिंत सारखी ओली करा आणि परत बघा. ओलं झाल्यावर गडद-फिकट फरक मिटला तर रंग आत शाबूत आहे, वरच्या कातडीत फरक आहे. ओलं होऊनही फरक तसाच राहिला तर रंगच गेलाय किंवा डाग आत मुरलाय.

दुसरी, पांढऱ्यासाठी. भुकटी ब्लेडनं खरवडून स्टीलच्या चमच्यात घ्या. आधी पिण्याचं पाणी टाका, विरघळते का बघा. उरलेल्यावर लिंबू पिळा. थेट सांध्यावर लिंबू टाकू नका, कारण ग्राउट स्वतःही लिंबानं फसफसतं आणि उत्तर चुकतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बाथरूम दोन दिवस बंद ठेवा, वाळू द्या. मग जाड पारदर्शक प्लास्टिकचे फूटभर तुकडे भिंतीवर आणि जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा. चोवीस तासांनी प्लास्टिकच्या आतून दव धरलं असेल तर ओल मागून येतेय. तसं असेल तर वरून काहीही लावलं तरी ते टिकणार नाही.

औसारोड, १५ मे

पाणी बोअरचंच, बालाघाट दादा. आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, तेव्हापासून घरात पिण्याचं पाणी बांधकामाला द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही. मिस्त्रींनी मागितलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं.

तपासण्या करते. वरच्या मजल्यावर टॉयलेट आहे, त्यामुळे हे बाथरूम बंद ठेवता येईल.

प्रयोगवही (परभणी), १५ मे

मी रसायनशास्त्र शिकवते. "पांढरं फुटणं" म्हणजे काय ते नीट सांगते, म्हणजे ऍसिडचा मोह कायमचा जाईल.

सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होतं तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, मोकळा होतो. मिश्रणात पाणी जास्त असेल तर ते पाणी वाळताना हा चुना विरघळवून पृष्ठभागावर आणतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पुसून जात नाही, फक्त ओलं असताना दिसत नाही.

दुसरा प्रकार क्षारांचा. बोअरच्या पाण्यात किंवा न धुतलेल्या वाळूत सल्फेट, क्लोराइड असतात. ते पाण्यात सहज विरघळतात. ओल्या फडक्यानं पुसलं की "जातात" असं वाटतं, पण खरं तर विरघळून सांध्यात परत मुरतात आणि वाळलं की वर येतात. तुमच्या नळाखाली हे चाललंय असा माझा अंदाज. म्हणून असं पांढरं ओल्यानं पुसायचं नाही. कोरड्या, ताठ प्लास्टिकच्या ब्रशनं झाडायचं, सुपलीत भरायचं आणि बाहेर टाकायचं. असं केलं तरच क्षार कमी होतो.

ऍसिड कार्बोनेट विरघळवतं हे खरं, पण ग्राउटचं सिमेंट त्याच्यासाठी वेगळं नाही. तेही तितक्याच आनंदानं खातं. सिमेंट गेलं की वाळू उघडी पडते आणि रंगाचे कण धुऊन जातात. तुमच्या कोपऱ्यात तेच झालं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. ऍसिड आणि ब्लीच कधीही एकत्र किंवा एकामागोमाग वापरू नका. क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

पाण्याबद्दल: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या खोल बोअरचं पाणी किती आहे ते एकदा तपासून घ्या. शिवाय रोजच्या अंघोळीचा थर वरून बसतो तो वेगळा.

थापी (जालना), १६ मे

राम राम मंडळी. मी बावीस वर्षं फरशीचं काम करायलोय. पोरानं हा धागा वाचून दाखवला, म्हणून लिहायलोय.

ताई, तुमच्या भिंतीवर ढग का आले ते मी न बघता सांगतो. सांधे मिस्त्रीनं भरलेच नसतील. आमचा ठेका फुटावर असतो. टाइल बसली की पैसे झाले, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि सांधे भरायला मागं हेल्पर पोरगं राहतं. त्याला कुणी माप शिकवलेलं नसतं. घमेल्यात पिशवी ओततो, डबड्यानं पाणी टाकतो. घट्ट वाटलं की अजून पाणी. एप्रिलच्या उन्हात अर्ध्या तासात घमेलं आवळतं, मग परत पाणी टाकून ढवळतो. आता बघा, पहिल्या भिंतीला एक माल, दुसऱ्या भिंतीला दुसरा. रंग एक कसा येईल?

पुसताना तर बघायलाच नको. बादली एक, पाणी सकाळचं, स्पंज निथळता. ताजा सांधा धुऊन निघतो, रंग वाहून जातो. जिथं स्पंज जास्त फिरला तिथं फिकट, जिथं कमी तिथं गडद. ऊन इतकं की वरचं कातडं आधी सुकतं आणि आतला माल कच्चाच राहतो. पुढं तो भुगा होतो.

मी स्वतः वीस वर्षांपूर्वी असंच करत होतो. एका मालकिणीनं सहा महिन्यांनी बोलावून दाखवलं तेव्हा लाज वाटली. तेव्हापासून सांधे मी हेल्परवर सोडत नाही.

आता पिण्याच्या पाण्याचं. ताई, तुमच्यासारख्या बाथरूमला भिंत आणि जमीन धरून तीन-चार किलो ग्राउट लागतं. किलोला पाणी साधारण पाव लिटर ते तीनशे मिली, पिशवीवर लिहिलेलं असतं. म्हणजे कालवायला पाऊण ते सव्वा लिटर. तांब्याभर पाणी! त्यासाठी बोअरचं खारं पाणी वापरून आपण हजारोंची टाइल खराब करतो. पुसायला दोन बादल्या गोड पाणी घ्या, ते नंतर झाडाला जातं.

गोदाकाठ (नांदेड), १६ मे

माझं मत: हे सगळं सोडा, एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी राळेचं) करून घ्या. आमच्याकडे २०१९ ला केलं. पाणी शोषत नाही, रंग बदलत नाही, काळं पडत नाही. पैसे जास्त गेले पण डोक्याचा ताप गेला.

सिमेंटवाळू, १६ मे

एपॉक्सी चांगलंच आहे, वरच्या नव्या बाथरूमच्या जमिनीला मी तेच सुचवीन. पण खालच्या जमिनीत ओल असेल तर त्यावर एपॉक्सी म्हणजे ओलीवर झाकण. ती दुसरीकडून वाट काढते, टाइलच्या कडेनं नाहीतर बाहेरच्या भिंतीच्या रंगातून.

शिवाय एपॉक्सीत राळ आणि हार्डनर एकत्र केल्यावर मोजका वेळ मिळतो. आपल्या उन्हाळ्यात तो आणखी कमी होतो. थोडं थोडं कालवायचं आणि टाइलवरचा चिकट थर लगेच पुसायचा. तो वाळला तर सांध्यापेक्षा टाइलच ठिगळासारखी दिसते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरं एपॉक्सी हळूहळू पिवळं पडतं. गडद रंग घ्या.

थापी मामांनी सांगितलं त्यात एक भर. भिंतीची सिरॅमिक टाइल आणि व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल यांची पाणी पिण्याची ताकद फार वेगळी आहे. भिंतीची टाइल तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यामुळे कोरड्या भिंतीच्या टाइलची कड ताज्या ग्राउटमधलं पाणी ओढून घेते. एकाच पिशवीचा माल भिंतीवर आणि जमिनीवर वेगळा दिसायचं हे मोठं कारण आहे. म्हणून भरण्याआधी सांधा ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचा. पाणी साचू द्यायचं नाही, फक्त तहान भागवायची.

औसारोड, १९ मे

तपासण्या झाल्या.

भिंत ओली केल्यावर सगळी एकसारखी राखाडी दिसली! फक्त ऍसिडवाला कोपरा वेगळाच राहिला. भुकटीचा बराचसा भाग पिण्याच्या पाण्यात विरघळला, उरलेला लिंबानं फसफसला. प्लास्टिक: भिंतीवरचं कोरडं. जमिनीवरचं नळाखाली दव धरलेलं आणि नहाणीजवळ तर थेंब.

सिमेंटवाळू, १९ मे

मग काम सोपं झालं. भिंतीचं ग्राउट शाबूत आहे, ते उकरू नका. साध्या भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यानं घासा, दोनदा स्वच्छ पाण्यानं पुसा, तीन-चार दिवस वाळवा आणि ग्राउटचा रंग लावून घ्या. टाइल्सच्या दुकानात ग्राउट कलरंट म्हणून मिळतो. छोट्या ब्रशनं सांध्यावर फिरवायचा आणि टाइलवर आलेला लगेच पुसायचा. चिकाटीचं काम आहे, पण स्वतः करता येतं.

ऍसिडचा कोपरा मात्र उकरावा लागेल. टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोल. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा चालतो. ग्राइंडर नको, टाइलच्या कडा उडतात. तोंडाला मास्क लावा, ही धूळ फुप्फुसाला वाईट.

जमिनीला आत्ता काहीच लावू नका. आधी नहाणी. भोक घट्ट बंद करून इंचभर पाणी साठवा, पातळीची खूण करा. शेजारी परातीत तितकंच पाणी ठेवा, कारण मे महिन्यात नुसत्या हवेनंही पाणी उडतं. चोवीस तासांनी परातीपेक्षा जमिनीवरचं पाणी जास्त उतरलं असेल तर ते खाली जातंय.

बालाघाट, २० मे

काळ्या सांध्यांबद्दल माझा अनुभव. सगळं काळं ओलीचं नसतं, साबणाच्या थरावर बुरशी धरते. ऑक्सिजनवाल्या ब्लीचची पेस्ट वीस मिनिटं ठेवून ब्रशनं घासल्यावर निघते. अंघोळीनंतर वायपरनं पाणी ओढायची सवय लागली आणि एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवायला लागलो, तेव्हापासून परत आली नाही. तारेची घासणी वापरू नका, तिचे कण सांध्यात अडकून गंजतात आणि तांबडे डाग पडतात.

औसारोड, २१ मे

परातीतलं पाणी जेमतेम उतरलं. जमिनीवरचं बोटभर खाली गेलं. नहाणीतूनच आहे.

थापी, २१ मे

मला तेच वाटलं होतं. नहाणीचा प्लास्टिकचा गळा आणि टाइलची कड यांच्यात फट राहते आणि तिथं नुसतं ग्राउट भरतात. प्लास्टिक आणि सिमेंट एकमेकाला धरून राहत नाहीत, केसाएवढी चीर पडते. रोजच्या अंघोळीचं पाणी त्या चिरेतून टाइलखालच्या कोब्यात जातं, तिथून नळाखालच्या सांध्यातून क्षार घेऊन वर येतं.

ताई, नहाणीभोवतीची एक ओळ उकरा, तसेच नळाखालचे सांधे. मग पंधरा दिवस पाणी बंद, खिडकी उघडी, पंखा लावा. आपला उन्हाळा इतरांना नको वाटतो, पण कोबा वाळवायला याच्यासारखं काही नाही. पाऊस लागायच्या आत उरका. वाळला का नाही ते परत प्लास्टिक लावून बघा. मग नहाणीच्या गळ्याभोवती एपॉक्सी आणि बाकीच्यात ग्राउट. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा. तो सांधा हलतो, ग्राउट तिथं फुटणारच.

मोंढा (परभणी), २४ मे

आमचं बाथरूम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. दुकानदार सांगतोय बिनसांध्याची बसवा, टाइलला टाइल लावून, म्हणजे ग्राउटची भानगडच नाही. खरं आहे का?

थापी, २४ मे

दादा, ऐकू नका. सांधा नाही म्हणजे पाणी शिरत नाही असं नसतं. चिकटून बसवलेल्या टाइलमध्येही फट असतेच, पण ती इतकी बारीक की माल आत जात नाही. पाणी मात्र जातं. उन्हाळ्यात टाइल फुगायला जागा नसते, मग उचलते. स्पेसर (टाइलमध्ये ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे) लावून किमान २-३ मिलिमीटर ठेवा.

आणि मिस्त्रीशी कामाआधीच बोला. सांधे तुम्हीच भरायचे, त्याचे वेगळे पैसे देतो, असं म्हणा. बसवल्यावर निदान चोवीस तास सांध्याला हात लावू नये. खाली सिमेंट-वाळूचा थर असेल तर चार-पाच दिवस थांबावं, नाहीतर खालची ओल नव्या सांध्यातून वर येते. सांध्यातून वर आलेला सिमेंटचा माल ओला असतानाच काढून टाकायचा. तो राहिला की तिथं ग्राउटचा थर पातळ बसतो आणि रंग वेगळा दिसतो.

सगळ्या पिशव्या एकाच लॉटच्या घ्या. दोन लॉट असतील तर कोरड्याच एकत्र करा. भरायचं सकाळच्या पारी, ऊन चढायच्या आत. पाणी मापून आधी घ्यायचं, पावडर त्यात टाकायची. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि परत ढवळायचं. आवळलेल्या मालात पाणी टाकायचं नाही, तो फेकायचा. दहा-वीस रुपयांचा माल जातो, जाऊ द्या. पुसताना स्पंज पिळून कोरडा करायचा, तिरका फिरवायचा, बाजू बदलायची. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी हलका फवारा मारायचा. धार नाही सोडायची.

प्रयोगवही, २४ मे

मामा, हे छापून प्रत्येक साइटवर लावायला हवं. माझ्या घराचं काम व्हायच्या आधी का नाही भेटलात!

औसारोड, २० जून

उशीर झाला, पण काम पुरं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नहाणीभोवती उकरल्यावर फटीत पेन्सिल आत गेली. खालचा कोबा हाताला गार लागत होता. सोळा दिवस बंद ठेवलं. बाराव्या दिवशी प्लास्टिकला अजून दव होतं, सोळाव्या दिवशी नव्हतं. एपॉक्सीचं काम दुसऱ्या मिस्त्रींकडून करून घेतलं, बाकीचे सांधे त्यांनी माझ्यासमोर भरले. पाणी मी मापून दिलं, आमच्या माठातलं. सव्वा लिटरच्या आत झालं.

भिंतीला रंग मी आणि सासूबाईंनी दोन दुपारी लावला. त्यांना बसून खालच्या ओळी जमल्या, मी वरच्या केल्या. आता जिथून बघावं तिथून एकसारखी दिसते.

नळाखाली आठवड्यानं किंचित पांढरं आलं होतं, प्रयोगवही ताईंनी सांगितलं तसं कोरड्या ब्रशनं झाडून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात अगदी थोडं आलं. या आठवड्यात नाही. परवा मोठा पाऊस झाला, तरी नहाणीभोवतीचे सांधे दुपारपर्यंत वाळून राखाडी होतात.

वरच्या बाथरूमच्या टाइल्स बसल्यात. उद्या सहावा दिवस, सकाळी सातला मिस्त्री सांधे भरायला येणार आहेत. माठ भरून ठेवलाय.

थापी, २० जून

ताई, पावसाळी हवेत सांधा उशिरा आवळतो. स्पंज लावायची घाई करू देऊ नका. बोट दाबल्यावर ठसा उमटायचा थांबला की मगच पुसा.